गाय माजावर येत नाही? खनिज मिश्रणाची पुडी उघडण्याआधी हे वाचा

खुराक वेळेवर, पाणी भरपूर, तरी व्यायल्यावर तीन-तीन महिने गाय माज दाखवत नाही. ही तक्रार घेऊन येणाऱ्याला आम्ही आधी विचारतो, ‘काळ्या केसांवर तांबूस झाक आलीय का? डोळ्यांभोवती चष्मा लावल्यासारखं फिकट कडं दिसतं का?’ दिसत असेल तर तांब्याची कमतरता असू शकते.

तांब्याचा आणि माजाचा काय संबंध? माजाची सुरुवात मेंदूत होते. मेंदूच्या तळाशी जीएनआरएच नावाचं संप्रेरक थोडं थोडं, ठरावीक अंतरानं सुटतं. ते पिट्युटरी ग्रंथीला जागं करतं, ती एलएच नावाचं दुसरं संप्रेरक सोडते आणि त्याच्या जोरावर बीज सुटतं. जीएनआरएच म्हणजे अवघ्या दहा अमिनो आम्लांची साखळी. तिची रचना १९७१ साली उलगडली आणि त्या कामाला १९७७ चं नोबेल मिळालं. उलटणाऱ्या (भरवूनही गाभण न राहता पुन्हा माजावर येणाऱ्या) गाईला डॉक्टर बऱ्याचदा याच जातीचं इंजेक्शन देतात. तांब्याचा आयन (विद्युतभार असलेला कण) या साखळीला चिकटतो आणि तिचा परिणाम बदलतो. सशिणीचं बीज एरवी नराशी संग झाल्यावरच सुटतं; पण माजावरच्या सशिणीच्या शिरेत तांब्याचा क्षार टोचला, तर नर जवळ नसतानाही बीज सुटतं! (हे प्रयोगशाळेतलं. गोठ्यात मोरचुदाचे (तोही तांब्याचाच क्षार) प्रयोग कृपया करू नका.)

तांबं खाण्यात असूनही अंगी लागत नाही, असंही होतं. चाऱ्यात मॉलिब्डेनम आणि गंधक जास्त असेल तर पोटातच ते तांब्याला धरून ठेवतात. जास्त मॉलिब्डेनम पोटात गेलेल्या कालवडी उशिरा माजावर येतात. जस्ताचं काम वळूत जास्त दिसतं: ते कमी पडलं की वृषणाची वाढ खुंटते.

आमचं मिश्रण दुभत्या मोठ्या जनावराला रोज ५० ग्रॅम, पेंडीत कालवून. माप पुडीतच आहे, मुठीचा अंदाज नको. मेंढ्यांना मात्र हे अजिबात घालू नका. गाईला चालणारं तांबं मेंढीच्या यकृतात साठतं आणि ती दगावते.

आणखी एक, धंद्याला तोट्याचं असलं तरी सांगतो. गाय हाडं दिसण्याइतकी खंगलेली असेल, वार अडकून गर्भाशयाला सूज असेल, तर नुसत्या पुडीनं काही होणार नाही. आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. म्हशीचा माज तर मुका असतो, म्हणजे बाहेरून फारसा कळत नाही. तो पहाटे आणि रात्री गोठ्यात जाऊन बघा. कित्येकदा माज आलेला असतो, आपलंच लक्ष नसतं.