धुरक्याला हद्द नसते

26 जुलै 1943. लॉस एंजेलिसमध्ये भरदिवसा धुरके इतके दाटले की लोकांचे डोळे चुरचुरू लागले, घसे खवखवू लागले. महायुद्धाचे दिवस होते. जपानने विषारी वायू सोडला की काय, अशीही शंका आली. मग संशय गेला कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाईन बनवणाऱ्या कारखान्यावर. तो बंद करायला लावला, तरी धुरके हटेना.

एकट्या शहराने नियम करून भागणार नव्हते, कारण कित्येक धुराडी शेजारच्या गावांच्या हद्दीत होती. म्हणून 1947 साली कॅलिफोर्नियाने कायदा केला आणि लॉस एंजेलिस काउंटीसाठी, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्याएवढ्या भागासाठी, हवा प्रदूषण नियंत्रणाची एकच यंत्रणा उभी राहिली. अमेरिकेतली अशी ही पहिलीच.

पण नेमके रोखायचे काय? लंडनचे धुरके कोळशाच्या धुराचे. इथले वेगळे होते. अननसाच्या सुगंधाचे रसायनशास्त्र अभ्यासणारे कॅलटेक या कॅलिफोर्नियातल्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठाचे आरी हागेन-स्मित या कोड्याकडे वळले. मोटारी आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून निघणाऱ्या हायड्रोकार्बनच्या, म्हणजे इंधनातल्या कार्बन-हायड्रोजनच्या संयुगांच्या, वाफा आणि नायट्रोजनची ऑक्साइडे उन्हात एकत्र आली की ओझोन तयार होतो, हे त्यांनी 1950 च्या सुमारास दाखवले. ओझोन मोजायची त्यांची एक रीत मला फार आवडते: वाकवलेली रबराची पट्टी हवेत ठेवायची आणि तिला किती वेळात भेगा पडतात ते पाहायचे. ओझोन रबराच्या रेणूंतले दुहेरी बंध तोडतो, म्हणून रबर तडकते.

या शोधाने हद्दीचा प्रश्न आणखी अवघड केला. ओझोन नळकांड्यातून बाहेर पडत नाही. तो हवेत तयार होतो, आणि त्याला काही तास लागतात. तेवढ्यात समुद्रावरचा वारा ती सारी हवा पूर्वेकडे ढकलत नेतो. वर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसलेला, पुढे डोंगर आडवे. त्यामुळे सकाळी लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर सोडलेला धूर दुपारी पूर्वेकडच्या रिव्हरसाइड आणि सॅन बर्नार्डिनो या काउंट्यांतल्या लोकांच्या छातीत ओझोन होऊन जातो.

घरामागच्या कचरा जाळण्याच्या भट्ट्यांवर 1957 मध्ये बंदी आली. 1967 मध्ये राज्याचे हवा मंडळ स्थापन झाले. पहिले अध्यक्ष हागेन-स्मितच. लॉस एंजेलिस आणि आसपासच्या मिळून चार काउंट्यांची एक यंत्रणा व्हायला मात्र 1977 उजाडावे लागले. तेव्हापासून तिथली हवा पुष्कळ सुधारली आहे. पण ओझोनची राष्ट्रीय मर्यादा या भागाला अजून गाठता आलेली नाही.