बिडे सीटची पार्श्वभूमी: धार, ऊब आणि दाब

फ्रेंचमध्ये ‘बिडे’ म्हणजे तट्टू. अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये धुण्यासाठी ज्या बुटक्या कुंडावर तट्टावर बसावं तसं बसत, त्याला हे नाव पडलं. इटलीत १९७५ पासून घरात बिडे असणं कायद्यानेच बंधनकारक आहे. पण ते कमोडशेजारचं वेगळं भांडं. कमोडवर बसवायच्या, पाण्याची धार सोडून धुणाऱ्या विजेच्या सीटची सुरुवात झाली ती आजाऱ्यांच्या सोयीसाठी.

अमेरिकेत तयार झालेली अशी सीट जपानच्या तोतो कंपनीने (तेव्हाची तोयो तोकी) १९६४ मध्ये आयात केली. गिऱ्हाईक मुख्यतः दवाखाने आणि मूळव्याधीचे रुग्ण. पाणी कधी गार, कधी चटका देणारं. धारही नेमक्या जागी लागेना. मग कंपनीने स्वतःच मोजमापं घेतली. कमोडवर तार ताणून तीनशेहून अधिक कर्मचाऱ्यांकडून नेमकी जागा खुणावून घेतली. पाणी ३८, बैठक ३६, वाळवायची हवा ५० अंश सेल्सिअस असं ठरलं. नळीचा कोन ४३ अंश, कारण त्या कोनात अंगावरून परतणारं पाणी नळीवर पडत नाही. ओल आणि वीज एकत्र कशी नांदवायची, याचं उत्तर रस्त्यावरच्या सिग्नलमध्ये सापडलं: भर पावसात चालणारं त्याचं सर्किट राळेत बंद केलेलं असतं. जून १९८० मध्ये कंपनीची ही सीट ‘वॉशलेट’ या नावाने बाजारात आली.

आपल्याकडे तांब्या होताच, पुढे जेटही आला. त्यामुळे सीट घ्यायची ती कोमट पाण्यासाठी, आणि ज्यांचा हात मागे पोचत नाही त्यांच्यासाठी. इथे पहिली अडचण दाबाची. विजेच्या बऱ्याच सीटना किमान अर्धा बार (बार हे दाबाचं एकक) दाब लागतो, म्हणजे गच्चीवरची टाकी सीटपासून साधारण १७ फूट उंच हवी. सगळ्यात वरच्या मजल्यावर ती जेमतेम दहा फुटांवर असते, दाब ०.३ बार, आणि धार नुसती ओघळते. तिथे प्रेशर पंपाला पर्याय नाही. बोअरच्या जड पाण्याने नळीच्या तोंडाशी पांढरा थर धरतो आणि धार वाकडी जाते. पाणी सीटमध्ये शिरतं तिथली, म्हणजे इनलेटची, जाळीही अधूनमधून काढून धुवावी लागते.

काही सीटमध्येच गरम पाण्याची छोटी साठवण टाकी असते; ती रिकामी होत आली की धार गार पडते. पाणी वाहतं असतानाच तापवणारी सीट बाराशे वॉटच्या वर जाऊ शकते. तिला अर्थिंगसह १६ अँपियरचा पॉइंट आणि आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. जपानहून कुणी सीट आणली तर आधी तिच्यावरची पट्टी वाचा: तिथली वीज १०० व्होल्टची, आपली २३०.