कातकी म्हणजे कोणता महिना? उत्तरेतल्या फ्लॉवरच्या वेळापत्रकाची पार्श्वभूमी

उत्तर भारतातल्या लहान शेतकऱ्याच्या हिवाळी भाजीपाल्यात बटाटा, वाटाणा, गाजर, मुळा, पालक असे बरेच काही असते. त्याची खरी परीक्षा मात्र फुलकोबी घेते. मुळा पंधरा दिवस मागेपुढे पेरला तरी मुळाच येतो. फ्लॉवरची जात आणि पंधरवडा जुळला नाही, तर शेतात नुसता पाला उभा राहतो किंवा सुपारीएवढे गड्डे धरतात. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार बिहारमध्ये एका खातेदाराकडे सरासरी ०.३९ हेक्टर जमीन आहे, उत्तर प्रदेशात ०.७३ हेक्टर. बिहारचा आकडा आपल्या भाषेत ३८-३९ गुंठे. एवढ्यात घरचा भात-गहू काढून जो तुकडा उरतो, त्यात फ्लॉवरची एक चूक म्हणजे वर्षाची रोख मिळकत गेली. म्हणून हे वेळापत्रक कुठून आले आणि त्यातले शब्द कसे गुंतले, ते नीट समजून घ्यायला हवे.

फ्लॉवर मूळचा थंड हवेचा. १८२२ साली इंग्लंडहून आलेले बियाणे सहारनपूरच्या कंपनी बागेत लावले गेले, तिथून ते गंगेच्या खोऱ्यात पसरले. थंडीत वाढणारी ही झाडे पुरबी उकाड्यात तगतील अशी अपेक्षा कोणी केली नव्हती. पण पुढची शंभर वर्षे भाजी पिकवणाऱ्या माळ्यांनी, जी झाडे उन्हापावसात टिकली आणि लवकर गड्डा देऊन गेली, त्यांचेच बी धरले. १९२९ साली एका इंग्रज बियाणे कंपनीने ‘अर्ली पाटणा’, ‘अर्ली बनारस’ या नावांनी जाती विकायला काढल्या, तोवर निवडीचे बहुतेक काम शेतात होऊन गेले होते. आज ज्याला ‘भारतीय फुलकोबी’ हा वेगळा गट म्हणून मान आहे, तो या निवडीतून उभा राहिला. पुढच्या सगळ्या सुधारित वाणांच्या मुळाशी हे निनावी कष्ट आहेत, आणि त्यांची नोंद फार थोड्या ठिकाणी सापडते.

या माळ्यांनी जातींना महिन्यांची नावे दिली: कुवारी, कातकी, अगहनी, पूसी, माघी. कुवार म्हणजे आश्विन. ‘कुंवारी’ असे छापलेले वाचून अनेकजण त्याचा अर्थ ‘कुमारी’ असा लावतात, तो चुकीचा. कातकी म्हणजे कार्तिकातली, अगहनी मार्गशीर्षातली, पूसी पौषातली. हे महिने काढणीचे आहेत, पेरणीचे नाहीत. कातकी बाजारात न्यायची तर रोपे जून-जुलैच्या सुमारास टाकावी लागतात. कुवारीसाठी तर मेच्या मध्यापासूनच गादीवाफे तयार करतात. अगहनीची रोपे जुलै-ऑगस्टमध्ये पडतात, पूसी-माघीची ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. शेवटचा स्नोबॉल गट, म्हणजे कडक थंडीतल्या विलायती जाती, ऑक्टोबरच्या रोपांचा. म्हणजे ज्याला आपण ‘हिवाळी’ भाजी म्हणतो, तिचा निर्णय ऐन उन्हाळ्यात झालेला असतो. नावातच विक्रीचा महिना असल्यामुळे शेतकरी तिथून उलटा मोजत येतो. निरक्षर माणसालाही हे नियोजन तोंडपाठ राहायचे.

गुंता इथून पुढे सुरू होतो. हिंदी पट्ट्यात या जातींना अगेती, मध्यम, पछेती असेही म्हणतात. बिहारमध्ये ‘अगात’ आणि ‘पछात’. आपल्याकडच्या पुस्तिकांत त्याचा सरसकट अनुवाद होतो हळवी, निमगरवी, गरवी. हा अनुवाद अर्धाच बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात नुकसान आहे. हळवे-गरवे हे शब्द भाताच्या शेतातून आले. पीक किती दिवसांत तयार होते, एवढेच ते सांगतात. अगेती हा शब्द ऋतूतली जागा सांगतो. अगेती फ्लॉवर लवकर तयार होतो हे खरे, पण त्याचा खरा गुण असा की तो २० ते २७ अंश तापमानातही गड्डा धरतो. पुढच्या गटाला १६ ते २० अंश लागतात, त्यापुढच्याला १२ ते १६, आणि स्नोबॉलला १० ते १६. नुसत्या दिवसांच्या हिशेबाने गेलेला माणूस म्हणतो, ‘साठ दिवसांची जात आहे ना, मग ऑक्टोबरात लावली तरी डिसेंबरात निघेल.’ निघत नाही. झाड धड वाढण्याआधीच त्याला गड्डा धरायचा इशारा मिळतो.

बिहारमधल्या हाजीपूरच्या बाहेर, एकाच बांधाच्या दोन बाजूंना, मी हे पाहिले आहे. डावीकडच्या वाफ्यात वेळेवर लावलेली अगात जात, पाने पसरलेली, गड्डे भरलेले. उजवीकडे तीच जात दीड महिना उशिरा लावलेली. झाडाला जेमतेम सहा-सात पाने, प्रत्येक पान वितीएवढे, आणि मधोमध लिंबापेक्षा लहान पांढरे बटण. पाने इतकी तोकडी की गड्डा झाकलाही जात नव्हता, उन्हाने तो पिवळा पडला होता. खत, पाणी, माणूस, सगळे एकच. शेताचे मालक चाचा उजव्या वाफ्यातून चालताना बोलले नाहीत. बांधावर आल्यावर म्हणाले, ‘बाबू, बीज खराब नहीं था, महीना खराब था.’ उलट चूकही तितकीच महाग पडते. स्नोबॉल लवकर लावला तर थंडीची वाट पाहत तो नुसता पाल्यावर जातो आणि पोसायची वेळ येते तोवर भाव पडलेला असतो.

आता महिन्यांकडे परत येऊ, कारण तिथेही मराठी वाचकाची फसगत होते. उत्तरेत महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, आपल्याकडे अमावास्येनंतर. त्यामुळे आपली दिवाळी आश्विन अमावास्येला आणि त्यांची कार्तिक अमावास्येला, दिवस एकच. शुद्ध पक्ष दोन्हीकडे सारखा, वद्य पक्षाचे नाव मात्र एक महिना पुढे. म्हणून उत्तरेतला ‘कातिक’ आपल्या कार्तिकापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो. इकडच्या शेतकऱ्याने तिकडचे वेळापत्रक शब्दशः उचलले तर पंधरवडा तिथेच गेला, आणि फ्लॉवरमध्ये पंधरवडा ही थोडी गोष्ट नव्हे.

शिवाय अधिक मास. २०२३ साली अधिक श्रावण आला, उत्तरेतला कार्तिक २९ ऑक्टोबरला लागला. २०२५ साली तोच ८ ऑक्टोबरला लागला. तीन आठवड्यांचा फरक. झाडाला पंचांग कळत नाही. त्याला रात्रीचा गारवा कळतो, आणि तो सूर्याच्या मागे असतो. मग जुने लोक चुकत होते का? मला तसे वाटत नाही. मळ्यातला माणूस दोन घड्याळे वापरत होता. पावसापाण्यासाठी नक्षत्रे, जी सूर्यावर चालतात: तिकडची हथिया म्हणजे आपला हस्त, दरवर्षी सप्टेंबरअखेर लागणारा. महिन्याचे नाव होते बाजारासाठी. दसरा, दिवाळी, छठ या दिवसांत लवकरच्या फ्लॉवरला जो भाव मिळतो तो नंतर मिळत नाही, आणि हे सण चांद्र महिन्यांवर चालतात. छठ २०२३ मध्ये १९ नोव्हेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑक्टोबरला. ‘कातकी’ या एका शब्दात भाजीचा ऋतू आणि सणाचा भाव दोन्ही बांधलेले होते. गाठ सैल होती, पण उपयोगाची होती.

स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत संशोधकांनी या स्थानिक जातींची तापमानानुसार मांडणी केली: पहिला, दुसरा, तिसरा गट आणि चौथा स्नोबॉल, सोबत इंग्रजी महिने. शास्त्र म्हणून हे काम मोलाचे आहे. कोणती जात कोणत्या गारव्याला गड्डा धरते, हे त्यामुळेच मोजून सांगता आले. वाणांच्या नावात जुनी आठवणही उरली: पुसा कातकी, पुसा दीपाली, पुसा कार्तिक संकर, पुसा शरद. (‘पुसा’चीही गंमत आहे. हे गाव बिहारमधले. १९३४ च्या भूकंपात तिथली संशोधन संस्था पडली, १९३६ साली ती दिल्लीला गेली आणि गावाचे नाव सोबत घेऊन गेली.) पण शेतकऱ्यापर्यंत जाताना ‘पहिला गट’ या शब्दाला चव राहिली नाही. तो कशाचा पहिला, हे सांगायला माणूस लागतो.

बियाण्याची गोष्ट वेगळी वाटली तरी याच धाग्याची आहे. भारतीय जातींचे बी मैदानात धरता येते. त्यामुळेच हाजीपूरच्या परिसरात शेतकऱ्यांच्या घरातच बियाण्याचा व्यवसाय वाढला. स्नोबॉलला फुलोऱ्यावर यायला कडक थंडी लागते. त्याचे बी बाहेरून यायचे. दुसऱ्या महायुद्धात आयात थांबली तेव्हा क्वेट्ट्याला आणि काश्मीरमध्ये ते धरायला सुरुवात झाली. फाळणीत क्वेट्टा गेले, मग कुलूच्या खोऱ्याने ती जागा घेतली.

१९८८ च्या बियाणे धोरणाने खासगी कंपन्यांना वाट मोकळी केली आणि संकरित फ्लॉवर गावोगाव पोहोचला. गड्डे एकसारखे, एकदम काढणी, वाहतुकीला सोयीचे. लहान शेतकऱ्याने तो आनंदाने घेतला, त्यात त्याची चूक नाही. पण दोन गोष्टी हातून सुटल्या. बी दरवर्षी विकत घ्यायची पाळी आली. आणि जातीच्या नावातला महिना गेला. आता पाकिटावर इंग्रजी नाव किंवा क्रमांक असतो आणि ठळक अक्षरांत दिवस: ‘५५-६० दिवस’. म्हणजे अगेती पुन्हा हळवी झाली, तीही सगळ्या देशात एकदम. पेरणीचा काळ असला तरी बारीक अक्षरांत, बहुधा इंग्रजीत. ज्या माहितीवर पीक येणार की बुडणार हे ठरते, तिला दर्शनी जागा न देणे हा निर्णय मला चुकीचा वाटतो.

वायव्येकडे वेळापत्रकाला दुसराच धक्का बसला. भूजल वाचवण्यासाठी पंजाब आणि हरियाणाने २००९ साली कायदे केले. पंजाबमध्ये १० जूनआधी भाताची लावणी करायला मनाई झाली, पुढे ही तारीख अनेकदा मागेपुढे सरकली. लावणी लांबली की कापणी लांबते, आणि रब्बीसाठी शेत मोकळे व्हायला उशीर होतो. पराळी, म्हणजे भाताचा पेंढा, जाळण्याशी याचा किती संबंध, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण सप्टेंबरअखेर लवकरचा वाटाणा किंवा बटाटा लावून, मग त्यावर उशिरा गहू घेणाऱ्याचे दिवस यात कापले गेले, हे शेतावर स्पष्ट दिसते. पीआर १२६ सारख्या कमी दिवसांच्या भाताने ही फट पुन्हा थोडी उघडली. इथे ‘हळवे’ हा शब्द अगदी नेमका बसतो: पीक तेच, पण दिवस कमी, म्हणून मागून येणाऱ्या पिकाला जागा.

गेल्या काही वर्षांत या वेळापत्रकांवर हवामानाचाही ताण आहे. ऑक्टोबरातला उकाडा लांबला तर दुसऱ्या गटाचे गड्डे सैल पडतात, त्यांवर भातासारखे दाणे उठतात. पाऊस रेंगाळला तर जुलैची रोपे गादीवाफ्यातच कोलमडतात. म्हणूनच अगेतीला हेक्टरी सहाशे-साडेसातशे ग्रॅम बी लागते, जिथे उशिराच्या जातींना चारशे-पाचशे पुरते.

हाजीपूरच्या बाजारात जूनमध्ये बियाण्याच्या दुकानासमोर उभे राहिले की काउंटरवर चकचकीत पाकिटांचा ढीग दिसतो. गिऱ्हाईक विचारते, ‘कब का है?’ दुकानदार पाकीट उलटे करून वाचत बसत नाही. कानावरचे बॉलपेन काढतो, साठ दिवसांच्या आकड्याशेजारी कोपऱ्यात ‘कातिक’ असे लिहितो आणि पाकीट पुढे करतो.