चांदी कोसळली 1980 मध्ये, घोडे गेले 1988 मध्ये

टेक्सासचा तेलसम्राट नेल्सन बंकर हंट 27 मार्च 1980 या एका दिवसात भिकेला लागला, ही गोष्ट गुंतवणुकीवरच्या गप्पांत हमखास ऐकवली जाते. ऐकायला झकास आहे, पण खरी नाही.

हंटने भावांसोबत चांदीचा प्रचंड साठा केला होता आणि त्या गुरुवारी चांदी गडगडली, हे खरं. जानेवारीत औंसाला 50 डॉलरच्या घरात गेलेला भाव 11 डॉलरच्या खाली आला. पण बँकांनी हंट बंधूंना सुमारे 110 कोटी डॉलरचं कर्ज देऊन सावरलं. बदल्यात मालमत्ता गहाण पडली, हंटचे शर्यतीचे घोडेसुद्धा. दिवाळखोरीचा अर्ज आला थेट 1988 मध्ये. मधल्या काळात तेलाचे भाव कोसळले होते, आणि पेरूच्या सरकारी खनिज कंपनीने चांदीचा भाव कृत्रिमपणे चढवल्याच्या दाव्यात न्यायालयात हंटला हरवलं होतं.

गंमत म्हणजे, जो माणूस 'संपला' म्हणतात, त्याला अमेरिकेतला सर्वोत्तम अश्वपैदासकार म्हणून एक्लिप्स पुरस्कार 1976 नंतर पुन्हा मिळाला तो 1985 आणि 1987 मध्ये! त्याच्याच पैदाशीची डालिया ही घोडी 1973 आणि 1974 अशी सलग दोन वर्षं इंग्लंडमधल्या अ‍ॅस्कटची किंग जॉर्ज शर्यत जिंकली होती. 1976 ची इंग्लंडमधलीच एप्सम डर्बी शर्यत जिंकणारा एम्परी हा घोडाही त्याचाच.

खरा घाव बसला जानेवारी 1988 मध्ये. केंटकीतल्या कीनलँडच्या लिलावात त्याचे 580 घोडे विकले गेले. अठरा वर्षांची डालियाही त्यात होती. पुढे 1999 मध्ये हा गडी पुन्हा घोडे विकत घ्यायला हजर!