पास खिशात आहे, पण जागा?

आपल्याकडे 'तिकीट झालं का?' या एका प्रश्नात दोन प्रश्न असतात. गाडीत चढायचा हक्क मिळाला का, आणि बसायला जागा मिळाली का? तिकीट कन्फर्म झालं की तारीख, डबा, बर्थ सगळं एकाच कागदावर येतं. त्या सवयीनेच लोक युरोपच्या सहलीसाठी युरेल पास, म्हणजे अनेक देशांच्या रेल्वेवर चालणारा एकच पास, घेतात आणि मनाने मोकळे होतात. पण तिथे हक्क वेगळा आणि जागा वेगळी. पासने हक्क मिळतो, आरक्षणाने जागा. काही गाड्यांना नुसता पास चालतो, काहींना दोन्ही लागतात. कुठल्या गाडीला काय लागतं हे आधी पाहिलं नाही, तर सगळी आखणी कोलमडू शकते.

पुण्या-मुंबईचं अप-डाउन केलेल्यांना हे लवकर कळेल. मासिक पास आहे म्हणून डेक्कन क्वीनच्या कुठल्याही आरक्षित डब्यात जाऊन बसता येत नाही. पासवाल्यांचे डबे ठरलेले असतात.

मी म्युनिकला राहते. गेल्या जुलैत मावशी आणि काका पहिल्यांदाच युरोपला आले. पॅरिसहून झुरिकला जायच्या दिवशी सकाळी मावशीचा फोन आला, "अगं, मोबाइल धरला की लाल दिवाच लागतोय!" फलाटाच्या तोंडाशी काचेची फाटकं होती, ती उघडतच नव्हती. पास खरा होता, सुरूही केलेला होता, त्यात त्या दिवसाचा प्रवासही नोंदवला होता. फक्त आरक्षण नव्हतं. पॅरिस-झुरिक ही थेट गाडी टीजीव्ही जातीची, म्हणजे फ्रान्सच्या अतिजलद गाड्यांपैकी, आणि टीजीव्हीला आरक्षण सक्तीचं. त्यातून पासधारकांसाठी त्या गाड्यांत थोड्याच जागा ठेवलेल्या असतात. त्या दिवसाच्या संपल्या होत्या.

मी त्यांना मेट्रोने पॅरिसच्याच दुसऱ्या मोठ्या स्टेशनवर, गार द लेस्टला जायला सांगितलं. तिथून त्रुवा आणि बेल्फोरवरून म्युलूझपर्यंत प्रादेशिक गाडी जाते. म्युलूझहून बाझल अर्ध्या तासावर, आणि बाझलहून झुरिक तासाभरावर. तिन्ही गाड्यांना आरक्षण लागत नाही. थेट गाडीने चार तासांत झाला असता तो प्रवास संध्याकाळपर्यंत चालला, पण पासचा तोच एक दिवस खर्ची पडला आणि रेल्वेला वर एक युरोही द्यावा लागला नाही. काका अजून त्या वाटेवरच्या सूर्यफुलांच्या शेतांबद्दल बोलतात.

आता नकाशा समोर घ्या. फ्रान्सच्या टीजीव्ही, इटलीच्या तशाच अतिजलद फ्रेच्चारोसा, स्पेनच्या अतिजलद गाड्या आणि लंडन-पॅरिस धावणारी युरोस्टार, या सगळ्यांना पासशिवाय वेगळं आरक्षण लागतंच. एका माणसाचे एका टप्प्याला साधारण 10 ते 20 युरो पडतात, युरोस्टारला 30च्या आसपास. आकडा छोटा वाटतो, पण चौघांचं कुटुंब मिलान, फ्लोरेन्स, रोम, नेपल्स असं उतरत गेलं आणि दर टप्प्याला माणशी 13 युरो धरले, तर तीन टप्प्यांत 156 युरो होतात, तेही पासच्या किमतीवर. मोठ्या माणसाबरोबर 4 ते 11 वर्षांच्या दोन मुलांचा पास फुकट असतो. पण आरक्षण सक्तीचं असेल तर मुलांच्या जागेचेही पैसे लागतात, हे पालकांच्या लक्षात येत नाही.

जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, नेदरलँड्समध्ये चित्र उलटं. देशातल्या देशात फिरताना जर्मनीची जलद आयसीई असो की ऑस्ट्रियाची रेलजेट, नुसता पास दाखवून बसता येतं. आरक्षण हवं तर करा, नको तर नका करू. मी स्वतः शुक्रवारी संध्याकाळी किंवा सणाच्या सुट्टीत करते, एरवी नाही. आयसीईत सीटजवळ एक छोटी इलेक्ट्रॉनिक पट्टी असते. तिच्यावर 'न्युर्नबर्ग – बर्लिन' असं दिसलं, तर ती सीट म्युनिकपासून न्युर्नबर्गपर्यंत मोकळी आहे, खुशाल बसा. पट्टी कोरी असेल तर अजून कुणी ती घेतलेली नाही. आणि गाडी सुटून पंधरा मिनिटं झाली तरी आरक्षणवाला आला नाही, तर त्याचा त्या जागेवरचा दावा संपतो. जागाच मिळाली नाही तर दाराशी उभं राहून जाता येतं, पास असताना सहसा कुणी उतरवत नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला मात्र चार तास उभं करू नये. आईबाबा बरोबर असतील तर ते थोडे युरो देऊन टाकावेत.

स्वित्झर्लंडमध्ये एकच ठिकाण जपायचं, ते म्हणजे मोठमोठ्या काचेच्या खिडक्यांच्या नावाजलेल्या गाड्या. बर्निना एक्स्प्रेस आणि ग्लेशियर एक्स्प्रेसला आरक्षण सक्तीचं आहे. पण बर्निना जाते त्या खूर ते तिरानोच्या रुळांवरूनच रोज साध्या लाल गाड्याही धावतात. मधे एकदा गाडी बदलावी लागते, आरक्षण नको, आणि पास पूर्ण चालतो. लँडवासरचा कमानदार पूल तोच, ब्रुसिओचा गोल फिरणारा पूलही तोच. काचेच्या डब्यातल्या खिडक्या उघडत नाहीत, साध्या गाडीत काही उघडतात. फोटो काढायचे असतील तर माझं मत साध्या गाडीलाच.

पास आणि आरक्षण, दोन्हींचा स्वभावही वेगळा आहे. पास लवचिक असतो. 'एका महिन्यात 7 दिवस' असा पास घेतला, तर ते सात दिवस कुठले हे तुम्ही वाटेत ठरवू शकता, आणि त्या दिवशी रात्री बारापासून रात्री बारापर्यंत कितीही गाड्या बदलू शकता. आरक्षण एका तारखेला, एका गाडीला, एका सीटला बांधलेलं असतं, आणि बहुतेक वेळा त्याचे पैसे परत मिळत नाहीत. म्हणून 'मनाला येईल तेव्हा निघू' ही पासची मौज जर्मन-ऑस्ट्रियन बाजूला खरी असते. पॅरिस-बार्सिलोना-रोम अशा सहलीत ती फारशी उरत नाही. तशा सहलीला मी आधी एकेका प्रवासाची सुटी तिकिटं बघायला सांगते. चार ते सात दिवसांच्या पासात एक दिवस साधारण 50 ते 75 युरोंना पडतो. दोन-तीन महिने आधी काढलेलं तिकीट त्याहून बरंच स्वस्त मिळत असेल, तर त्या टप्प्यावर पासचा दिवस वाया घालवू नये.

रात्रीच्या गाडीला आरक्षण लागतंच. बसून जायचं असलं तरी लागतं, बर्थला अर्थात जास्त पैसे. पण पासचा दिवस फक्त निघण्याच्या तारखेचा मोजला जातो. व्हिएन्नाहून रात्री निघालात आणि सकाळी व्हेनिसला उतरलात, तर एकच दिवस गेला. मात्र उतरून लगेच फ्लोरेन्सची गाडी पकडलीत तर दुसरा दिवस लागेल. त्यामुळे अशा सकाळी व्हेनिसच्या गल्ल्यांतच फिरावं.

नावांचा गोंधळही याच वेळी निस्तरून टाका. युरेल बाहेरून येणाऱ्यांसाठी, तसाच इंटररेल नावाचा पास युरोपात राहणाऱ्यांसाठी. पासपोर्ट कुठला हे बघत नाहीत, वास्तव्य कुठे ते बघतात. म्हणून माझा पासपोर्ट भारतीय असला तरी मला इंटररेल लागतो, मावशी-काकांना युरेल. एकत्र फिरताना आमचे पास वेगळे, आरक्षणं मात्र शेजारशेजारची. इंटररेलवर मला जर्मनीत फक्त बाहेर जायचा एक आणि परत यायचा एक, एवढेच प्रवास मिळतात. त्यांना तसं बंधन नाही.

आरक्षणासाठी जर्मन आणि ऑस्ट्रियन रेल्वेच्या संकेतस्थळांवर 'फक्त जागा' असा वेगळा पर्याय असतो, तोच निवडायचा. चुकून पूर्ण तिकीट काढलंत तर पास आणि तिकीट असे दुप्पट पैसे जातात. पासच्या ॲपमध्ये आरक्षण सक्तीचं नसलेल्याच गाड्या दाखवणारी चाळणी (फिल्टर) आहे. गाव ठरलं की मी ती आधी लावून पाहते. कधी तासभरच जास्त लागतो. मिलान-व्हेनिस प्रादेशिक गाड्यांनी व्हेरोनाला बदलून सहज होतं, आणि मधे व्हेरोनात जेवताही येतं.

पुढच्या मेसाठी मावशीने वहीत रकाने आखलेत: गावं, पासचा दिवस, आरक्षण लागतं का, केलं का. म्युनिक-साल्झबर्ग आणि साल्झबर्ग-व्हिएन्नापुढे तिने 'नको' लिहिलंय. व्हिएन्ना-व्हेनिस रात्रीच्या गाडीपुढे 'हो, दोन बर्थ, खालचे'. ते बर्थ काल मिळाले. व्हेनिस-रोमपुढचा शेवटचा रकाना अजून कोरा आहे, तो या शनिवारी फोनवर बसून भरायचा ठरलाय.