ठणठणीत उंदरातला विषाणू

रोग पसरवणारा उंदीर म्हटला की झिंगत चालणारा, मरायला टेकलेला उंदीर डोळ्यांपुढे येतो. प्लेगने आपल्याला दिलेलं हे चित्र. प्लेगमध्ये आधी उंदीर पटापट मरतात. हंताविषाणूचं तसं नाही. तो ज्याच्या अंगात मुक्कामाला असतो तो उंदीर खातोपितो, पिल्लं घालतो आणि लघवीवाटे विषाणू टाकत राहतो.

मे १९९३. अमेरिकेत न्यू मेक्सिको, ॲरिझोना, कोलोरॅडो आणि युटा ही चार राज्यं जिथे मिळतात, त्या रखरखीत पठारावर धडधाकट तरुण माणसं फुप्फुसांत पाणी भरून दगावू लागली. त्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे जंतूशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिनं, हंताविषाणूंना चिकटली. मग घराघरांभोवती पत्र्याचे छोटे पिंजरे लागले आणि उन्हाळ्यात उंदीरवर्गातले सुमारे १७०० प्राणी पकडले गेले.

प्रतिपिंड म्हणजे पावलाचा ठसा. प्रत्यक्ष चोर हवा तर त्याचा आरएनए, म्हणजे त्याची जनुकं ज्यात लिहिलेली असतात तो रेणू, पकडायला हवा. त्यासाठी आरएनएची डीएनए-प्रत काढून ती पीसीआर या प्रती काढण्याच्या तंत्राने वाढवतात. प्रत्येक फेरीला दुप्पट, म्हणजे तीस फेऱ्यांत एकाचे १०७ कोटी! पण प्रत कुठून सुरू करायची हे सांगायला प्रायमर लागतो, त्या जागेशी जुळणारा वीसेक अक्षरांचा तुकडा. विषाणूच अनोळखी, तर प्रायमर कसा बनवणार? इथली युक्ती मला फार आवडते. जनुकांत काही जागा अशा असतात की तिथलं अक्षर बदललं तर विषाणूच बंद पडतो. त्यामुळे त्या सगळ्या भावकीत जवळपास सारख्या राहतात. आधी माहीत असलेल्या हंताविषाणूंमधल्या अशा जागांवरून प्रायमर बेतले आणि दोन प्रायमरांमधला अनोळखी मजकूर वाचला. रुग्णांमधला मजकूर त्यांच्या घराजवळच्या उंदरांमधल्या मजकुराशी जुळला. पांढऱ्या पोटाचा, टपोऱ्या डोळ्यांचा डिअर माऊस! पकडलेल्यांपैकी सुमारे ३० टक्के डिअर माऊसमध्ये संसर्गाची खूण सापडली. विषाणूचं नाव पडलं सिन नोम्ब्रे, म्हणजे निनावी.

लष्करी प्रयोगशाळेतून काहीतरी सुटलं, अशा अफवा तेव्हाही उठल्या, आणि तिथल्या मूळ रहिवासी नावाहो लोकांवर तर या आजाराचा शिक्काच मारला गेला. दोन्ही गोष्टी निराधार. युटातल्या एकाला हाच आजार १९५९ मध्ये झाला होता, हे नंतर सिद्ध झालं. १९९३ मध्ये बदललं ते पाऊसमान. आधी चांगला पाऊस झाला, पिन्यॉनच्या झाडांना भरपूर बिया धरल्या आणि उंदीर बेसुमार वाढले. ओल्या वर्षांनंतर उंदीर वाढतात आणि त्यांच्यामागून आजार येतो, हे नावाहो वडीलधारे आधीपासून सांगत होते.