लायनर, शेडर, फ्लॅश, स्टेन्सिल: टॅटूवाल्यांच्या शब्दांमागची पार्श्वभूमी

स्टुडिओत गेलं की टॅटूवाला भराभर बोलून जातो, आउटलाइन सात आरएलने घेऊ, शेडिंग मॅगने करू, आधी स्टेन्सिल लावून बघू, आणि समोरचा नुसती मान हलवतो. माझं म्हणणं असं की हे शब्द समजून घ्यायचे तर त्यांचा इतिहास बघायला हवा, कारण यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट कुणाच्या तरी खऱ्या अडचणीतून निघालीय.

आधी एक गैरसमज काढून टाकू. टॅटूची सुई इंजेक्शनसारखी पोकळ नसते. ती भरीव असते, शाई सुयांच्या मधल्या फटीत धरून राहते आणि सुई आत गेली की त्या छिद्रातून त्वचेत उतरते. खोली साधारण १ ते २ मिलिमीटर, म्हणजे वरचा थर ओलांडून खालच्या डर्मिसपर्यंत. वरचा थर सतत झडत असतो, तिथेच शाई राहिली तर काही आठवड्यांत गेली समजा, आणि फार खोल गेली तर रेषा फुटते, कडेने निळसर पसरते, त्याला ब्लोआउट म्हणतात. डर्मिसमधे शाई टिकते ती आपल्याच रोगप्रतिकारक पेशींमुळे, त्या रंगाचे कण गिळून बसतात. २०१८ मधे फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की अशी पेशी मेली की तिने सोडलेला रंग शेजारची नवीन पेशी परत गिळते. लेझरने टॅटू काढायला इतक्या फेऱ्या का लागतात त्याचं एक कारण हेच असावं.

आता हात. मशीन येण्याआधी हजारो वर्षं सगळं हातानेच चालायचं. १९९१ मधे आल्प्समधे बर्फात सापडलेला ओत्झी नावाचा गोठलेला माणूस साधारण ५३०० वर्षांपूर्वीचा, त्याच्या अंगावर ६१ खुणा आहेत, साध्या रेघा आणि फुल्या. आधी वाटायचं कातडी चिरून त्यात काजळी भरली असेल, पण २०२४ च्या अभ्यासात टोचून केल्याची शक्यता जास्त दिसली. आज ज्याला हँडपोक म्हणतात ते हेच, आणि आपल्याकडच्या गोंदणाचीही पद्धत हीच. दोन-चार सुया दोऱ्याने एकत्र बांधायच्या, दिव्याची काजळी कालवायची आणि ठिपक्याला ठिपका जोडत जायचं. आजीच्या हनुवटीवरचा ठिपका, हातावरची तुळस, विंचू, सगळं असंच झालेलं, आणि त्या गोंदणाऱ्या बायकांच्या हाताला सुई किती आत जाऊ द्यायची ते बरोबर कळायचं, हे कौशल्य मला खरंच फार मोठं वाटतं.

सगळीकडे टोचायची रीत एकच नव्हती. पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांवर हाडाच्या किंवा सुळ्याच्या दातेरी पट्टीवर लाकडी काठीने ठोकत जातात, पुरुषांचा पेआ नावाचा टॅटू कमरेपासून गुडघ्यापर्यंत असतो. न्यूझीलंडचे माओरी लोक उही नावाच्या छिन्नीसारख्या हत्याराने चेहऱ्यावर खाचाच पाडायचे. जपानमधे तेबोरी, म्हणजे लांब दांडीच्या टोकाला सुया बांधून अंगठ्याच्या आधाराने ढकलायच्या. तिथली बोकाशी ही गडद-फिकट छटा आजही इतकी मऊ दिसते की काही जपानी कलाकार रेषा मशीनने घेतात पण छटा मात्र हातानेच भरतात. तिथे १८७२ पासून १९४८ पर्यंत टॅटूवर बंदी होती तरी कला टिकली.

मग मशीन. एडिसनने १८७६ मधे इलेक्ट्रिक पेनचं पेटंट घेतलं, ते खरं तर ऑफिसातली कागदपत्रं कॉपी करायला, कागदाला बारीक छिद्रं पाडून स्टेन्सिल बनवायचं यंत्र. न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओ'रायलीने तीच कल्पना त्वचेसाठी वळवली आणि ८ डिसेंबर १८९१ ला टॅटू मशीनचं पेटंट मिळवलं. पुढे चार्ली वॅग्नरने १९०४ मधे विद्युतचुंबकी कॉइलवाल्या मशीनचं पेटंट घेतलं. कॉइल मशीन चालतं दाराच्या इलेक्ट्रिक बेलच्या तत्त्वावर: करंट आला की चुंबक वरची पट्टी खाली खेचतं, पट्टी खाली आली की संपर्क तुटतो, स्प्रिंग तिला वर ढकलते, परत संपर्क, परत खाली, असं सेकंदाला कितीतरी वेळा. तो टिपिकल गुणगुणाट त्याचाच. दुसरा प्रकार रोटरी मशीनचा, त्यात साधी मोटर असते म्हणून आवाज कमी, आणि आजची पेनसारखी वायरलेस मशीनं बहुतेक रोटरीच.

सुयांचे आकडेही सोपे आहेत. सात आरएल म्हणजे राउंड लायनर, सात सुया गोलात घट्ट बांधलेल्या, रेषेसाठी. आरएस म्हणजे राउंड शेडर, त्याच गोलात पण थोड्या सैल. मॅग म्हणजे मॅग्नम, दोन ओळींत पसरलेल्या, मोठा भाग भरायला. याच्या उलट सिंगल नीडल, एकाच सुईने बारीक काम, ही शैली कॅलिफोर्नियातल्या चिकानो, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन लोकांकडून आली, तुरुंगात रंग आणि मशीन मिळत नसल्याने जुगाड करून काळ्या-करड्या छटांत काम व्हायचं, आणि १९७० च्या दशकात पूर्व लॉस एंजेलिसच्या दुकानांनी ते बाहेर आणलं. आजचं फाइनलाइन आणि ब्लॅक अँड ग्रे बरंचसं तिथूनच.

तेच डिझाइन पुन्हा पुन्हा सारखं कसं काढायचं यावरही जुने उपाय आहेत. जेरुसलेममधे ख्रिस्ती यात्रेकरूंसाठी लाकडी ठसे वापरायचे, ठसा उमटवायचा आणि त्यावरून गोंदायचं. अमेरिकेत नंतर सेल्युलॉइडवर डिझाइन कोरून त्यातून कोळशाची पूड त्वचेवर उतरवायचे, आता जांभळा थर्मल पेपर आलाय, त्याने डिझाइनची छाप त्वचेवर उमटते. गोंदण्याआधीची ही छाप म्हणजेच स्टेन्सिल. फ्लॅश म्हणजे भिंतीवर लावलेली तयार डिझाइनं, खलाशी यायचे, बोट दाखवायचे, तासाभरात नांगर किंवा गुलाब हातावर. जाड काळी आउटलाइन आणि मोजके रंग, ज्याला ओल्ड स्कूल म्हणतात, ते याच घाईतून जमत गेलं.

पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो स्वच्छतेचा भाग. न्यूयॉर्क शहराने १९६१ मधे हेपटायटिसचं कारण देऊन टॅटूवर बंदी घातली, ती उठली थेट १९९७ मधे. होनोलुलूच्या सेलर जेरीसारख्या कलाकारांनी एकदाच वापरायच्या सुया आणि ऑटोक्लेव्हचा, म्हणजे दाबाखालच्या वाफेने हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या यंत्राचा, आग्रह धरला आणि हळूहळू ती रीत झाली. आपल्याकडे जत्रेत अजूनही एकाच सुईने एकामागून एक नावं गोंदली जातात, आणि हेपटायटिस बी, सी, एचआयव्ही यांचा धोका तिथेच असतो, म्हणून कृपया तिथे हात पुढे करू नका. स्टुडिओतही सीलबंद कार्ट्रिज, म्हणजे मशीनला लावायचा सुयांचा तयार संच, आपल्यासमोर फोडायला सांगा आणि ते मेम्ब्रेनवालं आहे का विचारा, कारण तो पातळ पडदाच रक्त आणि शाई उलटी मशीनमधे जाण्यापासून अडवतो.